फितूर

"शेवटी फितूर झालाच गं तो सरदार!" लेक दारातून आत येताच आई म्हणाली. जाडजूड कादंबरीचा चौथा खंड तिच्या मांडीवर उघडा होता. "गडाचा दरवाजा उघडून दिला मेल्यानं. झोपेत कापली गेली माणसं. आणि सकाळी सगळ्यांच्या पुढं हाच रडतोय!"

लेक नर्स होती. इस्पितळातली सकाळची पाळी संपवून आली होती. बूट न काढताच ती खुर्चीच्या कडेला टेकली.

हे खंड तिनंच घरात आणलेले. जादूच्या तलवारी नि उडते राक्षस, असलं पोरकट मी वाचणार नाही, म्हणणाऱ्या आईनं वाचनात तिला कधीच मागं टाकलं होतं.

"राग येतो तुला त्याचा?" लेकीनं विचारलं.

"येतो तर! पण दोन पानं तो दिसला नाही, की चैन पडत नाही. धड शिव्या घालता येत नाहीत, धड जवळ घेता येत नाही."

"दरवाजा त्यानं उघडला, हे कुणाला कळलंय?"

"छे. पहारेकऱ्याला धरलंय."

"मग गप्प बसला तर काय बिघडलं? मेलेले थोडेच परत येणारेत?"

"अगं, भुयारात अजून माणसं अडकलीत. वाट एकट्या त्यालाच ठाऊक. पान उलटताना दर वेळी वाटतं, आता तरी बोल रे बाबा."

लेकीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आई, माझ्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं."

आईनं पुस्तक मिटलं. खूण घालायची राहिली.

"कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा. उलटीवरचं द्यायचं होतं, गुंगीचं दिलं. रिकामी बाटली नंतर दिसली. तोवर ते उठेनासे झाले होते. डॉक्टरांना वाटतंय, मेंदूत काही झालंय."

"आणि तू निघून आलीस?"

"पाळी संपली होती."

"उतारा असतो त्याला?"

"असतो. पण अंगात काय गेलंय ते कळलं तर देतील ना."

"फोन लाव."

"नोकरी जाईल, आई. कोर्टात खेचतील."

"खेचतील." आईनं तिच्या पर्समधून फोन काढून पुढं धरला. "लाव."

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"मी बोलतेय, सकाळच्या पाळीची," लेक म्हणाली. तिनं औषधाचं नाव सांगितलं. किती दिलं, तेही सांगितलं. मग म्हणाली, "हो. मीच दिलं."

पलीकडे कुणीतरी ओरडलं. तिकडचा फोन टेबलावर आदळला, पण बंद झाला नाही. लांबलचक कॉरिडॉरमधून पावलं धावत गेली. दूर, आणखी दूर. त्यानंतर काहीच ऐकू येईना. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.