पाणी तयार होईपर्यंत

"आले का मासे?" मजीदने दारातच विचारलं. कुवेतच्या अर्दिया भागातल्या गोदामातून काम करून घरी आला की चपला काढायच्या आधी तो रोज हेच विचारायचा.

"येतील," फातिमा म्हणाली. "आधी पाणी तयार होऊ दे."

हॉलच्या कोपऱ्यात काचेची टाकी होती. तळाला काळी माती, मधे एक वाकडंतिकडं लाकूड, भोवती हिरवीगार रोपं. मासा मात्र औषधालाही नव्हता.

मजीदला तो कोपरा हवा होता. कोलंबीचा हंगाम सुरू झाला होता, मच्छीबाजारात रुबियानचे, म्हणजे इथल्या कोलंबीचे, ढीग लागले होते. वर्षभराची कोलंबी साठवायला त्याने एक डीप फ्रीजर बघून ठेवला होता आणि त्या कोपऱ्याशिवाय तो घरात कुठेच मावत नव्हता. रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेला माणूस तो. मासा ताटात शोभतो, काचेत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी फातिमाने टाकीत पाणी भरलं आणि लगेच मासे सोडले होते. सकाळी सगळे उताणे. त्यांची लहानगी लेक माहीन रडून रडून तापली होती. तेव्हापासून फातिमा इरेला पेटली. या खेपेला तिने शर्मिलाताईंना गुरू केलं. त्या पुण्याच्या, इथे तेल कंपनीत इंजिनियर, घरभर टाक्या.

माहीनच्या देखत करार झाला. शर्मिलाताई येऊन पाणी तपासतील. पास झालं तर मासे त्याच आणतील. नापास झालं तर टाकी जाईल आणि फ्रीजर येईल.

फातिमा राबली. कुवेतचा उन्हाळा, थंड पाण्याच्या नळालाही चटके देणारं पाणी. सगळ्यांसारखा त्यांचाही गीझर उन्हाळ्यात बंद असायचा, त्यातलं निवलेलं पाणी ती बादल्यांत काढायची, क्लोरीन उडून जायला तशीच ठेवायची आणि मग जपून टाकीत ओतायची. मजीद सोफ्यावरून गंमत बघायचा. रिकाम्या पाण्याची एवढी बडदास्त त्याने जन्मात पाहिली नव्हती.

घरात कोलंबीचं सगळं मजीदच बघायचा. आणायची त्याने, सोलायची त्याने, शिजवायची त्यानेच. फातिमाचा कच्च्या कोलंबीला नुसता हात लागला तरी अंगभर पुरळ उठायचं, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती स्वयंपाकघराकडे फिरकायची नाही. एका शुक्रवारी मात्र तो कोलंबी सोलत असताना ती फोनवर बोलत बोलत दाराबाहेर येऊन थांबली.

"काय सांगता, शर्मिलाताई? एक कोलंबी पाण्यात पडली तरी सगळं नासेल? नाय नाय, मी डोळ्यांत तेल घालून ध्यान ठेवीन."

मजीदच्या हातातली सुरी थांबली.

दुपारी फातिमा आणि माहीन झोपल्या. त्याने एक चांगली टपोरी कोलंबी निवडली आणि लाकडामागे सोडून दिली. पुढच्या शुक्रवारी, कसर राहायला नको म्हणून, आणखी एक.

त्यानंतर घरात जरा वास येऊ लागला. फातिमा सकाळ-संध्याकाळ बखूरचा सुगंधी धूप तेवढा जाळू लागली.

एका संध्याकाळी तिने नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं. पिवळं राहिलं तरच पाणी शुद्ध, एवढं मजीदलाही ऐकून ऐकून माहीत झालं होतं.

"विष आहे ना ते?" त्याने विचारलं.

"हो," फातिमा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मजीदला वाईट वाटलं. खरंच वाटलं. उठून सांगून टाकावं असंही क्षणभर मनात आलं. पण सकाळी दुकानातून फोन आला होता, फ्रीजर शेवटचाच उरला होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

काही आठवड्यांनी, ठरलेल्या शुक्रवारी शर्मिलाताई आल्या. एका हातात तपासणीची पेटी, दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली पिशवी. पिशवीत लाल-निळे इवलेसे मासे होते. मजीदला त्या माशांची कीव आली. बिचारे आल्या पिशवीने परत जाणार.

शर्मिलाताईंनी नळ्या ओळीने मांडल्या, थेंब टाकले आणि चष्मा सारखा करून बघत बसल्या. माहीन श्वास रोखून उभी होती. पहिली नळी पिवळीच राहिली. नंतरचीही हवी तशी.

"पास," शर्मिलाताई म्हणाल्या. "अगदी पहिल्या वर्गात."

मजीदने नळी उचलून उजेडात धरली. पिवळी ती पिवळीच.

मासे टाकीत उतरले आणि रोपांमधून सरसर फिरू लागले. माहीन उड्या मारायला लागली. "अब्बा, लुक, दे आर हॅपी." फातिमाने तिला कवेत घेतलं, आणि गेल्या वर्षीपासून छातीवर बसलेलं ओझं त्या क्षणी उतरलं. फ्रीजर गेला याचं मजीदला दुःख झालं, पण लेकीकडे बघून तोही हसलाच.

जेवायला बसायच्या आधी शर्मिलाताईंनी एक तिरकं रोप नीट करायला लांब चिमटा लाकडामागे घातला. चिमट्यात कोलंबीचं पांढरं पडलेलं टरफल आलं. त्यांनी परत चिमटा घातला. आणखी एक टरफल.

"हे काय गं?" त्या म्हणाल्या. "मी फोनवर एकच टाकायला सांगितली होती. एक सडली की घाण खाणारे जंतू पाण्यात वाढतात आणि पाणी तयार होतं, दोन कशाला? आणि तुला तर कोलंबीला हात लावता येत नाही. मग टाकल्या कोणी?"

फातिमाने भाताचं ताट मजीदपुढे ठेवलं आणि त्यावर कालवण वाढलं.

"आमच्याकडे कोलंबीचं सगळं हेच बघतात," ती म्हणाली. "हात जरा सढळ आहे त्यांचा."