अण्णांचा होकार

पक्षाघाताने अण्णांची वाचा गेली होती. डोक्यावरची तारांची टोपी त्यांच्या मनातलं वाचायची: ‘हो’ला हिरवा दिवा, ‘नाही’ला लाल.

"ताई, आत्म्याचा साक्षात्कार झाला का, विचारा ना," दारातून शिष्य म्हणाला. देह जातो, आत्म्याला कसलं भय, हे त्याने अण्णांच्याच प्रवचनांत ऐकलं होतं.

पण शरयूला वडिलांचे डोळे कडेवरच्या लेकीच्या डोळ्यांसारखे दिसले, झोपेतून दचकल्यावर होतात तसे. तिने हळूच विचारलं, "अण्णा, भीती वाटतेय?"

हिरवा लागला.

शिष्य पांढराफटक पडला. "मग माझी आई गेली तेव्हा अण्णांनी सांगितलं, ते सगळं खोटंच?"

"तेव्हा घाबरलेले तुम्ही होतात. त्या शब्दांनी धीर आला ना? आता तेच शब्द त्यांना ऐकवा."

तो डोळे पुसत आत आला आणि सवयीने पायांशी बसू लागला. शरयूने त्याला हाताला धरून उशाशी बसवलं.