सारंगचा आत्मचरित्रपट

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या फिल्म क्लबमध्ये एक इटालियन सिनेमा बघून आल्यापासून सारंग नुसता भारावला होता. त्यात धड गोष्टसुद्धा नव्हती. दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरातलं रोजचं आयुष्य दाखवलं होतं आणि सगळं थिएटर हसून लोळलं होतं. "हे तर आपणही करू शकतो," म्हणत सारंगने घरातलं शूटिंग सुरू केलं आणि महिनाभर फोन हातातून खाली ठेवला नाही.

रविवारी त्याने घरच्या टीव्हीवर आपला सिनेमा लावला. त्यात बायको, स्वानंदी, कुकर लावत होती. मग कचऱ्याचा हिरवा बिन रस्त्यापर्यंत ओढत नेत होती. पाऊस आला म्हणून दोरीवरचे कपडे धावत काढत होती आणि लगेच ऊन पडलं म्हणून तेच पुन्हा वाळत घालत होती. मधूनच कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती, "अरे, जरा एक टोक धरतोस का?"

सिनेमा संपला तसा सारंग हिरमुसला.

"सगळी मेहनत पाण्यात गेली. म्हणायला माझं आत्मचरित्र, आणि मी त्यात कुठेच नाही."

हसून हसून स्वानंदीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने ओढणीने टिपलं.

"एकही सीन बदलू नकोस," ती म्हणाली. "हुबेहूब उतरलायस."