उपाशी विवर

वीज देणाऱ्या इवल्याशा कृष्णविवराला घास घातल्याशिवाय अवकाशस्थानकावर कुणी जेवत नसे. उपाशी राहिलं की ते आक्रसायचं आणि जास्तच किरण ओकायचं.

सुलभाचा नवरा त्या किरणांनीच गेला. घास भरवणारं यंत्र अडकलं, तेव्हा स्थानकप्रमुख कारखानीसांनी त्याला फाटक्या किरणरोधक सूटमध्येच विवराच्या दालनात पाठवलं. "एवढ्याशानं काय होतंय," म्हणाले होते.

आज बाकीचे सुट्टीवर पृथ्वीला गेले होते. सुलभानं यंत्र मोडून ठेवलं. भोंगा वाजला तसे कारखानीस धावत आले.

"आत जाऊन हातानं घास घाल."

"मी नाही जाणार. तुम्हीही नाही गेलात तर दोघं भाजू. मला चालेल."

"मग सूट दे."

त्यांनी कधीच बदलू न दिलेला तोच फाटका सूट तिनं पुढे केला.

"जा साहेब. एवढ्याशानं काय होतंय."