दहा माणसांचं वजन

गुडगावातल्या नव्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, लोखंडी तुळईला चिकटवलेलं मॅग्नेटिक ड्रिल थरथरायला लागलं. चुंबकाखाली रंगाचा थर राहिला असेल, मशीन काढून बघावं, म्हणून उल्हास इंजिनिअरने बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात त्याला दिसलं, तुळईबाहेर ओणवलेल्या रामसेवकने सेफ्टी बेल्टचा हुक ड्रिलच्याच दांड्याला अडकवला होता.

"बेल्ट इसमें क्यों लगाया?"

"साब, कल आपने ही तो बताया, ये चुंबक दस आदमी का वज़न पकड़ता है।"

उल्हासने बोट अलगद उचललं. वीज असेपर्यंतच पकडतो, एवढं सांगायचं काल राहून गेलं होतं.

ड्रिल अजून थरथरत होतं. खाली जनरेटर आचके देत होता.