तीन वर्षांचं सोलर

शेवटची काचेची नळी सोलर हीटरच्या टाकीत बसली. सुजयने हात पुसले आणि माझा नंबर तुम्हाला कुणी दिला, असं घरमालक रिछारियाजींना विचारलं. सिविल लाइंसमधल्या या गच्चीवर जानेवारीतही ऊन चांगलं येत होतं. दिवाळीपासूनचं हे त्याचं सहावं काम, आणि सहाही घरं रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची. त्याला नवल वाटत होतं.

"आपके पिताजी ने," रिछारियाजी म्हणाले. "कह रहे थे, तीन साल से हमारी छत पर लगा है, एक दिन शिकायत नहीं हुई."



सुजयच्या वडिलांच्या, विश्वंभररावांच्या, प्रेम नगरच्या घरावर सोलर नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी रेल्वेची नोकरी सोडून त्याने लक्ष्मी गेटजवळ सोलर हीटरचं दुकान टाकलं, तेव्हा पहिला संच आपल्याच घरी बसवायचं त्याच्या मनात होतं. विश्वंभररावांनी तो दारातूनच परत पाठवला. लोकांच्या गच्च्यांवर नळ जोडायला तुला इंजिनिअर केलं नव्हतं, एवढंच म्हणाले. पुढे सुजय आणि त्याची बायको शलाका भाड्याच्या घरात राहायला गेले. बापलेकांचं बोलणं थांबलं. निरोप आईमार्फत जायचे. बाबा अजून बादलीत रॉड टाकूनच पाणी तापवतात, हेही त्याला आईकडूनच कळलं होतं.

आणि खोटं बोलणं विश्वंभररावांच्या स्वभावातच नव्हतं. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ते तपासनीस होते. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेल्या वॅगनवर त्यांनी छत्तीस वर्षांत कधी सही केली नाही. साहेबांनी दरडावलं तरी नाही. त्यापायी एक बढती गेली, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

कोणती तोटी कधी बंद करायची ते रिछारियाजींना समजावून सुजय खाली उतरला. दुकानात न जाता त्याने स्कूटर प्रेम नगरकडे वळवली.

विश्वंभरराव अंगणात उन्हाला बसून पेपर वाचत होते. सुजयला पाहून त्यांनी पेपरची घडी केली. आई दारात येऊन थांबली. तुम्ही लोकांना हे काय सांगत सुटलाय, असं विचारायचं ठरवून तो आला होता. समोर उभा राहिल्यावर त्याला ते विचारवेना.

"बाबा, रविवारी टाकी घेऊन येतो," तो म्हणाला. "गच्चीवर बसवून देतो."

विश्वंभररावांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसला.

"रविवारी नको, उद्याच ये," ते म्हणाले. "शनिवारी वर्कशॉपमधले खरेजी आपलं सोलर बघायला येणार आहेत."