पहिली चिठ्ठी कोणाची?

"पहिली चिठ्ठी आमचा विक्कीच उचलनार!" डोमाजींनी नातवाला दंडाला धरून पुढे केलं. विक्कीच्या हातात दोरी होती आणि दोरीला चाकांवरचा लाकडी नंदी.

"काऊन? आमच्या शालूनं काय पाप केलं?" धुरपताबाईंनी आपली नात त्याच्याही पुढे उभी केली.

शाळेच्या मैदानात तान्हा पोळा भरला होता. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशीच मिरवून गोठ्यात परतले होते. आज पोरांच्या लाकडी बैलांची पाळी. आंब्याच्या पानांचं तोरण बांधून तयार होतं, आणि त्याखालून पहिला नंदी ज्याच्या घरचा जाईल त्याचा मान. बैल लाकडाचे असले तरी मान खरा असतो. गेल्या वर्षी त्यावरून दोन घरांत अशी जुंपली की पोरं नंदी घेऊन रडत घरी गेली. शेवटी मुख्याध्यापक सदाशिवरावांनी जाहीर करून टाकलं, यंदा भांडण झालं तर पुढच्या वर्षापासून शाळेत तान्हा पोळा बंद.

भावना मॅडमना हे मुळीच पटलं नव्हतं. त्या जूनमध्येच गावात गणित शिकवायला आल्या होत्या. महिनाभर पोरं मधल्या सुट्टीत शिंगं रंगवत बसलेली त्यांनी पाहिली होती. दहावीला त्या नुकत्याच संभाव्यतेकडे वळल्या होत्या. तीन सदरे आणि दोन पँटी, तर किती जोड होतील, असं विचारल्यावर अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला होता, "एकच, मॅडम. गणवेश." तरीही मॅडमची गणितावरची श्रद्धा ढळली नव्हती.

"सर, मान चिठ्ठ्या टाकून ठरवू," त्या सदाशिवरावांना म्हणाल्या होत्या. "सगळ्यांना सारखी संधी. भांडणाची संभाव्यता शून्य."

"शून्य?"

"शून्य, सर."

ते शून्य आता मैदानाच्या मधोमध आरडाओरडा करत होतं. शाळेच्या खिचडीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, बारा पोरांच्या बारा चिठ्ठ्या पडल्या होत्या. अकरा कोऱ्या, एकीवर 'मान'. पण पहिला हात कोणी घालायचा?

"पहिले उचलनाऱ्याले साऱ्या चिठ्ठ्या भेटते," डोमाजी म्हणाले. "शेवटच्याले काय, उरलंसुरलं!"

"पहिला कोन ते ठरवाले चिठ्ठ्या टाका न," गर्दीतून कोणीतरी सुचवलं.

"अन् त्या चिठ्ठ्या पहिले कोन उचलनार?"

सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला.

भावना मॅडम गंजासमोर उभ्या राहिल्या. "काका, काकू, ऐका. समजा बाराही पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि मुठी मिटूनच ठेवल्या. आता कोणाच्या मुठीत मान आहे, सांगता येईल?"

दोन-चार माना नकारात हलल्या.

"नाही ना? कोण आधी आलं, कोण मागून, याने मुठीतल्या चिठ्ठीला काय फरक पडतो? पहिल्याला बारात एक, शेवटच्यालाही बारात एक."

धुरपताबाईंनी डोळे बारीक केले. "म्हनजे सारखंच?"

"अगदी सारखंच."

"शपथ?"

"गणिताची शपथ, काकू."

धुरपताबाईंनी एकदा डोमाजींकडे पाहिलं. हा माणूस काही हटायचा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "मंग जाऊ द्या. आमची शालू शेवटी उचलते. पन कमी-जास्त झालं, तर मॅडम, तुमाले धरीन."

विक्कीने पहिली चिठ्ठी उचलली. बाकीच्यांनी रांगेने उचलल्या. शेवटी शालूने हात घातला, तेव्हा गंजाच्या तळाशी एकच चिठ्ठी होती. मग त्याच क्रमाने मुठी उघडू लागल्या. विक्कीची कोरी. दुसऱ्याची कोरी, तिसरीचीही कोरी. डोमाजींची मान लांब लांब होत गेली. अकरावी चिठ्ठी कोरी निघाली आणि गर्दीत एकदम कालवा झाला. काय झालं ते फक्त शालूला कळलं नव्हतं. ती मूठ घट्ट आवळून उभी होती.

"मॅडम, हे काही बराबर नाई," डोमाजी म्हणाले. "शेवटच्याच चिठ्ठीत काऊन निघालं?"

"कोणत्या तरी चिठ्ठीत निघणारच होतं, काका."

"पन शेवटच्याच काऊन?"

"पहिली तुमीच मांगतली होती न डोमाजीभाऊ," कोणीतरी खिदळलं. डोमाजी विक्कीच्या नंदीची दोरी सरळ करू लागले. पोळा फुटला. शालूचा नंदी सगळ्यांत आधी तोरणाखालून गेला, मागोमाग बाकीचे खडखडत सुटले. धूळ उडाली. पोरांच्या आरोळ्यांनी मैदान दणाणलं. भावना मॅडमना इतका आनंद झाला की डोळे पुसायला त्यांना पदराची मदत घ्यावी लागली.

"शून्य, सर," त्या म्हणाल्या.

"मानलं, मॅडम," सदाशिवराव म्हणाले.

तेवढ्यात डोमाजी विक्कीला घेऊन समोर आले. "सर, आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी शेवटची चिठ्ठी आमचा विक्की उचलनार."

"वा रे वा! शेवटची आमची!" मागून दुसरे आजोबा आले. तिसऱ्या आजीने पदर खोचला. बघता बघता गंजाभोवती पुन्हा गर्दी जमली. यंदा पहिल्या चिठ्ठीसाठी भांडणारी झाडून सारी माणसं आता शेवटच्या चिठ्ठीसाठी भांडू लागली.

भावना मॅडमचा चेहरा उतरला. "सर... म्हणजे पोळा बंद?"

"बंद?" सदाशिवरावांना हसू आवरेना. "अहो, पुढच्या वर्षीच्या पोळ्यासाठी आत्ताच भांडताहेत. आता तो बंद करायची कोणाची छाती आहे?"

इतक्यात गर्दीला कोपराने बाजूला सारत धुरपताबाई गंजापाशी आल्या आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ठणकावून म्हणाल्या, "कोनी वाद घालू नका. शेवटच्या चिठ्ठीचा मान आमच्या घराण्याचा आहे. पहिल्यापासून!"